सेवा की बसवून ठेवणं?



आमच्या यांना पक्षाघात होऊन आता १४ महिने झाले. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "आता नुसता आराम. काही करू देऊ नका." मी तेच केलं. पाण्याचा तांब्या हातात, चप्पल पायात, रिमोट उशाशी. फिजिओथेरपीवाली मुलगी तासभर हातापायांचे व्यायाम करून घ्यायची, बाकी २३ तास हे पलंगावर. मला वाटायचं, सेवा करतेय.

तीन महिन्यांनी हात उचलायला लागला, पण दारापर्यंत आले तरी धाप लागायची. त्या मुलीनं समजावलं, हातापायांचा व्यायाम वेगळा आणि दम वाढवायचा वेगळा. पाय ओढत चालायला नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते, आणि बसून बसून दम तर कमी झालेला. म्हणजे खर्च वाढला, जमा घटली. बी.कॉम. झालेल्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं!

अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये अशा रुग्णांसाठी आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं दमाचा व्यायाम सुचवला आहे. एकदम जमत नसेल तर १०-१० मिनिटांचे तुकडे चालतात. डॉक्टरांनी हृदय आणि बीपी तपासून हो म्हटल्यावर आम्ही ५ मिनिटांपासून सुरुवात केली. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून नाडीवर विसंबायचं नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं.

जाऊबाई रागावल्या, "आजारी माणसाला रस्त्यावर फिरवतेस, लोक काय म्हणतील?" लोक म्हणालेच. पहिल्या दिवशी मंदिराच्या वाटेवर हे अर्ध्यातच थांबले, डोळे भरून आले. मलाही वाटलं, पुरे. पण आपल्या घरांत प्रेमानं माणसाला पांगळं करतात, हे माझं मत आता पक्कं आहे. दुसऱ्या झटक्याची भीती सगळ्यांनाच असते. मग बीपी आणि साखर आटोक्यात ठेवायला मदत करणारं चालणंच का बंद करायचं?

सूर्यास्ताआधी जेवण, म्हणून साडेचारला निघतो. मिनिटं वहीत लिहिते. काल २२ झाली. आज पाऊस आहे, तर हे व्हरांड्यातच फेऱ्या मारताहेत आणि मोजायला मला हाका मारताहेत.