माकडांच्या नावावर जमीन

धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीच्या कागदांतली ही नोंद २०२२ मध्ये वर्तमानपत्रांनी छापली. दारी आलेल्या माकडाला तिथे विन्मुख पाठवीत नाहीत. पूर्वी लग्नकार्यातही पहिला मान त्यांचाच असे.

खोडाळ्याहून आम्ही घरची मंडळी एक दिवस त्र्यंबकला गेलो. ब्रह्मगिरीच्या वाटेवर माकडाने आजीच्या हातचे फुटाणे पळवले. आजी म्हणाली, "डोंगर त्यांचाच. आपण पाहुणे." मी उपळ्याची हकिगत सांगितली, तेव्हा वडील गप्प झाले. नागली-वरईचा आमचा तुकडा आजोबांपासून आम्ही कसतो. २००६ चा वनहक्क कायदा असा चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य करतो. आमचा दावा मात्र अजून फायलीतच आहे.

मित्रहो, मला माकडांचा हेवा वाटत नाही. उपळ्याने चांगलेच केले. पण मुक्या प्राण्याचे नाव कागदावर लागू शकते, तर कसणाऱ्या माणसाचे लागायला इतकी वर्षे का जावीत? आमच्या घरात अर्ज वाचता येणारी मी पहिलीच. अशी कितीतरी मुले आपल्या वर्गात आहेत. या सुट्टीत आपण प्रत्येकाने आपापल्या पाड्यातले अडलेले दावे वाचून, त्यांत कोणता कागद कमी आहे एवढे जरी घरच्यांना सांगितले, तरी आपल्या शिक्षणाचा उपयोग झाला असे मी म्हणेन.