पुढच्या पाडव्याची वाट

संकल्प करावयास हैदराबादकराला मुहूर्तांची वाण कधीच पडली नाही. इंग्रजी वर्ष जानेवारीत, आपला पाडवा आणि शेजारच्या तेलुगू घरचा उगादी एकाच चैत्री प्रतिपदेला, मोहरमचे नवे साल वेगळे, दिवाळीतली बलिप्रतिपदा आणखी निराळी. आणि निजामी अमदानीत तर ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून फसली साल सुरू होई. एक मुहूर्त हुकला तरी दुसरा येतोच. या सुबत्तेनेच आपला घात केला आहे, असे आम्हांस वाटते. त्यात येथल्या दख्खनी बोलीत 'परसों' म्हणजे नेमका परवाचा दिवस नव्हे. महिन्यापूर्वीची गोष्टही 'परसों' घडलेली असते आणि वर्षापूर्वीचीही. बोली गोड आहे, तिच्यावर आमचा राग नाही. पण मोडलेल्या नेमाचे वय त्या एका शब्दात सुखाने लपते.

हे सुचण्याचे कारण येथल्या मराठी घरांत पाडव्याला होणारा एक संकल्प: यंदा मुलांना रोज अर्धा तास मराठी वाचायला शिकवायचे. मुले शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठीचे पुस्तक हाती दिले की अडखळतात. अंकलिपी आणली जाते. आठ-पंधरा दिवस नेम चालतो. मग पाहुणे येतात, कोणी आजारी पडते, एक खंड पडतो आणि संध्याकाळ पुन्हा जुन्या वळणावर जाते. थोरांच्या हाती फोन, मुलांपुढे दूरदर्शन. 'आता पुढच्या पाडव्यापासून' असे ठरते. मोठ्यांचे एक वर्ष गेले तर गेले. सहा वर्षांचे मूल तोवर सात वर्षांचे होते आणि आजीने लिहिलेला निरोप आईकडून वाचून घेऊ लागते.

घात खंडाने होतो की वाट पाहण्याने? विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने १८९० साली, नवी सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असे बजावले होते. आपल्या व्रतवैकल्यांचा धाकही तसाच. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवून २००९ साली जे प्रसिद्ध केले, ते निराळे आहे. दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली गोष्ट अंगवळणी पडावयास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरेसे, तर कोणाला २५४ लागावेत असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. अर्थात त्या सवयी फळ खाण्या-पाणी पिण्यासारख्या होत्या. दिवसभर कचेरीत शिणून आलेल्या माणसाने मुलाला जोडाक्षरे शिकवणे त्याहून कठीण, हे आम्ही जाणतो.

पण खंड दिवसांचा नसून वर्षांचा असला तर? नरहर कुरुंदकर याच शहरात सिटी कॉलेजात शिकावयास आले होते. मुक्काम मामांकडे, म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे. वाचन अफाट, पण परीक्षेच्या उपयोगाचे नव्हे. इंटरला अपयश आले. १९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. राहून गेलेले शिक्षण त्यांनी नोकरी आणि लेखन सांभाळीत पुरे केले, १९६३ साली तेथल्याच पीपल्स कॉलेजात मराठी शिकवू लागले आणि पुढे प्राचार्यही झाले. अवांतर वाचनाची खोड त्यांनी मोडली नाही; मोडली असती तर नुकसान महाराष्ट्राचेच होते. त्या खोडीशेजारीच त्यांनी क्रमिक पुस्तकांना जागा करून दिली.

तेव्हा फोन विहिरीत टाका, असे आम्ही कोणास सांगणार नाही. रात्रीचे जेवण रोज होते, पाने उचलली जातात, त्यानंतरची पंधरा मिनिटे मिळण्यासारखी आहेत. अर्धा तास हा पाडव्याच्या उत्साहातला आकडा होता. गेल्या चैत्रात आणलेली अंकलिपी पुष्कळ घरांत 'ठ'च्या पानाशी थांबलेली असेल. पुढे 'ड'चा डमरू आहे, आणि आजची जेवणे अजून व्हायची आहेत.