नदीकाठच्या दोन किलोमीटरांचा हिशेब

पुणे पाहू इच्छिणाऱ्याने वाटाड्याच्या शोधात पडू नये. मुठेचा उजवा काठ धरावा. अलका टॉकीजच्या चौकाजवळील नानासाहेब पेशव्यांच्या समाधीपासून निघून प्रवाहाच्या दिशेने शिवाजी पुलापर्यंत यावे. अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर, खर्च काहीच नाही. प्रारंभीच लकडी पूल लागतो. पानिपतावरून परतणाऱ्या फौजेसाठी नानासाहेबांनी तो १७६१ मध्ये लाकडात उभारविला, असे सांगतात. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचाही अंत झाला. समाधी आणि पूल यांमधील त्या काही मिनिटांच्या वाटेत पराभवाचे ते सारे वर्ष सामावले आहे. पुढे शनिवार पेठेत ओंकारेश्वर. वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची समाधी त्याच्याच आवारात आहे; पेठेतील किती विद्यार्थ्यांना ती ठाऊक असेल, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात विचारून पाहण्याजोगा आहे. शेवटी १९२३ चा शिवाजी पूल आणि तेथून हाकेच्या अंतरावर, १७३० मध्ये पायाभरणी झालेला शनिवारवाडा.

एवढे वैभव विनामूल्य असूनही या वाटेने चालणारे विरळाच. कारण उघड आहे. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहावे तर नाकाला रुमाल लावावा लागतो. ज्या सुविधेला तिकीट नाही तिच्यापासून उत्पन्न नाही, आणि जिच्यापासून उत्पन्न नाही तिला अंदाजपत्रकात वाली नाही, हा आपल्या नगरकारभाराचा जुना न्याय होय.

६ मार्च २०२२ रोजी नदीसंबंधीच्या दोन कामांची पायाभरणी एकदमच झाली. नऊ किलोमीटरच्या काठाच्या सुशोभनासाठी एक हजार ऐंशी कोटींहून अधिक आणि अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी चौदाशे सत्तर कोटींहून अधिक रक्कम तेव्हा सांगण्यात आली. रकमांचे प्रमाण पाहता शहाणपण अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु फरसबंद काठ डोळ्यांना दिसतो, भूमिगत मलवाहिनी दिसत नाही. त्यामुळे कौतुक, छायाचित्रे आणि अधिकाऱ्यांची घाई ही सारी काठाच्या वाट्याला येतात. मैला वाहून नेणाऱ्या नदीच्या कडेला उत्तम फरशी घातली तरी तेथे सहकुटुंब फिरावयास कोण जाणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पात्राच्या कडेला भराव घालून काठ बांधले, तर पावसाळ्यात धरणांतून सुटणाऱ्या पाण्याने जावे कोठे? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि याच काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण फुटणे हा अपघात होता, असे कोणी म्हणेल. मात्र २५ जुलै २०२४ रोजी कोणतेही धरण फुटले नव्हते, तरीही सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. पात्राची रुंदी कमी होणार नाही, याची आकडेवारी महापालिकेने नागरिकांपुढे मराठीत मांडावी आणि तोवर या जुन्या पेठांलगतच्या पट्ट्यात भरावाची एकही गाडी रिकामी करू नये. मैलावाहिन्यांचे काम मात्र क्षणभरही थांबवू नये. समाधी, पूल आणि घाट यांपाशी माहितीचे चार फलक लावावयाचे झाल्यास त्यास कोटींची गरज नाही. ते काम येत्या महिन्यातही होऊ शकेल.