सातबारा मुलाच्या नावे, औषधपाणी कोणाच्या नावे?



गेल्या हंगामात पहिली उचल जमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी गटऑफिसात एक जुने सभासद आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात लघवीचा त्रास. "साहेब, माझ्या उसाचं बिल किती झालं?" आम्ही नोंदवही काढली. दोन एकर को ८६०३२ ची लागण, टनेज चांगले. पण नोंद मुलाची आणि बिलही मुलाच्या खात्यात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बक्षीसपत्र करून दिले, सातबारा बदलला, आणि नोंदीवरचे नाव आम्हीच आमच्या हाताने बदलले. त्यांना तसेच परत पाठवताना आम्हास शरम वाटली.

बेणे, खत, पाणी सोडून शेतकी खात्याने कोर्टकचेरीचे बोलू नये, असे कोणी म्हणेल. पण नावबदलाचा अर्ज आमच्याच टेबलावर येतो, म्हणून बोलणे भाग आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा सन २००७ मध्ये झाला. त्यात निर्वाह म्हणजे नुसते दोन वेळचे जेवण नव्हे. वैद्यकीय उपचारही त्यात स्पष्ट लिहिले आहेत. अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी रांग आणि शक्यतो खाट राखायची आहे. तालुक्याच्या ठिकाणी किती जणांनी ती रांग पाहिली, ते सभासदांनीच सांगावे! माजी कायदामंत्री डॉ. अश्विनी कुमार स्वतः याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरकारला जिल्हावार वृद्धाश्रमांची आणि वृद्धांच्या औषधोपचारांच्या सोयींची माहिती गोळा करावयास सांगितले. मागणारा उभा राहिल्याशिवाय कायदा हलत नाही, तो असा.

आता मुख्य मुद्दा. बक्षीसपत्र करताना "देणाराचा सांभाळ व आजारपणाचा खर्च घेणाराने करावा" ही अट दस्तातच घाला. कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. नुसते प्रेमापोटी दिले, अट कोठेच नाही, तर काम अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसेच म्हटले. मध्य प्रदेशातील एका आईने मात्र मुलाकडून सांभाळाचे वचनपत्र वेगळे लिहून घेतले होते. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तिची मिळकत तिला परत देवविली. दस्तलेखकाला एक ओळ जास्त लिहायला कितीसा वेळ लागतो?

काही जण म्हणतील, सत्तरीपुढच्यांना आता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचे आयुष्मान कार्ड मिळते, मग चिंता कशाची? ते कार्ड जरूर काढावे. उत्पन्नाची अट नाही. पण ते योजनेतल्या दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. बीपीच्या रोजच्या गोळ्या आणि दवाखान्यापर्यंतचे गाडीभाडे त्यात बसत नाही. तेथे घरचाच पैसा लागतो, आणि घरचा पैसा म्हणजे ऊस बिल.

कारखान्याने यात पडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हातारा माणूस एकटा प्रांत कचेरीत जात नाही, हे आम्ही जाणतो. कायद्याने त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. शिवाय त्याची इच्छा असेल तर समाजकल्याण खात्याचा निर्वाह अधिकारी त्याची बाजू मांडतो. तेव्हा प्रत्येक गटऑफिसात असे अर्ज लिहून देणारा एक माणूस नेमावा आणि नावबदलाच्या वेळी बापाला बाजूला घेऊन दोन गोष्टी विचाराव्यात, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत कोणी तरी मांडावा. मुलांवर अविश्वास दाखवता काय, असे विचारले जाईल. बहुतेक मुले चांगलीच आहेत. त्यांना ही अट जड वाटण्याचे कारण नाही.

त्या सभासदांच्या बक्षीसपत्रात अट नव्हती. जमिनीचे काही होवो, निर्वाहाचा अर्ज त्यांना करता येतो, असे आम्ही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोराला प्रांतासमोर उभा करू व्हय? गावात तोंड कसं दाखवू?" अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. अजून त्यावर अंगठा उठलेला नाही.