बिलात न येणारे दिवस

रात्री अकराच्या सुमारास पोर पोट धरून उठते. दुखणे बेंबीभोवती असते. आई ओवा चावायला देते, आजी हिंग पाण्यात कालवून बेंबीवर लावते. कोणी म्हणते जंत झाले असतील, कोणी संध्याकाळच्या भेळेला दोष देते. दोनदा उलटी होते. पहाटेपर्यंत दुखणे उजवीकडे, खाली सरकते आणि पोर पाय पोटाशी घेऊन हलायलाच नको म्हणते. सकाळी डॉक्टर सांगतात, ‘जरा उडी मारून दाखव बाळा.’ त्याला ती मारता येत नाही. ‘अपेंडिक्स दिसतंय, सोनोग्राफी करून घ्या,’ हे शब्द कानी पडताच बापाच्या मनात पहिला प्रश्न पोराच्या जिवाचा येतो आणि दुसरा लगोलग पैशांचा. या दुसऱ्या प्रश्नाची त्याला लाज वाटते. ती वाटण्याचे काहीच कारण नाही, कारण हा प्रश्न आता जगभरचे बालशल्यविशारदही गंभीरपणे विचारू लागले आहेत.

शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो आणि त्याचा सर्वाधिक जोर दहा ते एकोणीस या वयात असतो. अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रियाही मुलावरच झाली. १७३५ मध्ये लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ती अकरा वर्षांच्या मुलावर केली. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी आजाराला आजचे नाव दिले आणि वेळेत शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. त्यानंतर शतकभर ‘सुजले की काढा’ हाच शिरस्ता राहिला, आणि त्याने असंख्य मुले वाचवली.

या शिरस्त्याला आव्हान मिळाले ते प्रतिजैविकांकडून. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील दहा बालरुग्णालयांनी ७ ते १७ वयाच्या १,०६८ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. या साऱ्या मुलांचे अपेंडिक्स सुजलेले होते, पण फुटलेले नव्हते. पालकांना दोन्ही वाटा समजावून सांगितल्या गेल्या आणि निवड त्यांच्यावर सोपवली गेली. ३७० कुटुंबांनी आधी औषधे घेण्याचे ठरवले. त्यांच्यातील ६७ टक्के मुलांवर वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली नाही. आजारपणात वाया गेलेले दिवस या गटात सरासरी ६.६ होते, शस्त्रक्रियेच्या गटात १०.९. पुढे याच मुलांच्या माहितीवरून खर्च मांडला गेला तेव्हा शस्त्रक्रियेला सरासरी ९,७९१ डॉलर आणि औषधोपचाराला ८,०४४ डॉलर लागल्याचे दिसले. वर्षभराच्या जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या मापात पूर्ण निरोगी वर्षाला १ गुण असतो. त्यात शस्त्रक्रियेला ०.८८४ आणि औषधांना ०.८९५ गुण मिळाले. हा फरक दिवसांत मांडला तर वर्षाकाठी चार धडधाकट दिवस इतका भरतो.

यावरून शस्त्रक्रिया मोडीत निघाली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ने पाच देशांतील ९३६ मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. औषधांचा उपचार ३४ टक्के मुलांत फसला, शस्त्रक्रियेचा ७ टक्के मुलांत. औषधे शस्त्रक्रियेच्या तोडीची नाहीत, असा निर्वाळा संशोधकांनी दिला. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडतात असे आम्हाला वाटत नाही. तीन मुलांतल्या एकाला औषधांनंतरही टेबलावर जावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. मग ही जोखीम पत्करायची की नाही, हे ज्यांच्या लेकराचे पोट दुखते आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. आपल्याकडे अडते ते नेमके इथेच. आपल्या किती रुग्णालयांत पालकांना असे समोर बसवून बोलले जाते? ‘फुटेल, लगेच ॲडमिट करा, पैसे भरा’ एवढ्या तीन वाक्यांत संमतीपत्रावर सही होते. धोका खरा असतो, डॉक्टरांची घाईही बहुतेक वेळा रास्त असते. पण घाबरलेल्या माणसाची सही म्हणजे संमती नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या त्या मुलांना निवडीचा हक्क मिळाला, कारण ती वेळेत पोहोचली होती. दुखणे सुरू होऊन ४८ तासांहून जास्त काळ लोटलेला नसावा, सोनोग्राफी किंवा स्कॅनमध्ये अपेंडिक्सची जाडी ठरावीक मर्यादेत असावी, आत खडा नसावा, पू नसावा, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या नसाव्यात, अशा अटी होत्या. किमान २४ तास शिरेतून औषध, मग घरी गोळ्या, असा सात दिवसांचा उपचार होता. आणि मध्यरात्री पुन्हा दुखले तर त्याच रुग्णालयाचे दार उघडे होते. यातली एक जरी कडी निसटली तरी ‘औषधांनी बरे होते’ हा सल्ला पोराच्या जिवावर उठू शकतो. शिवाय आपल्याकडे वाटेल तशी प्रतिजैविके खाऊन आतड्यातले जिवाणू औषधांना पुरेसे निर्ढावले आहेत. अमेरिकेतला यशाचा टक्का इथे जसाच्या तसा मिळेल, असे गृहीत धरता येणार नाही.

महाराष्ट्रात या आजाराचा सर्वांत महाग भाग कोणता, असे विचारले तर आमचे उत्तर ‘उशीर’ हे आहे. वेळेत झालेल्या शस्त्रक्रियेनंतर मूल दोन-तीन दिवसांत घरी जाते. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला की मुक्काम आठवड्यावर जातो, नळ्या लागतात, जखम चिघळते, आणि खासगी रुग्णालयातले पाच आकडी बिल सहा आकडी व्हायला वेळ लागत नाही. पाच वर्षांखालील मुलांचे दुखणे तर ओळखूच येत नाही. त्यांना कुठे दुखते ते सांगता येत नाही, म्हणून निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक जणांचे अपेंडिक्स फुटलेले असते.

पुण्याच्या ससून रुग्णालयात एक खोली जपून ठेवली आहे. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी तिथे अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. वीज गेली तरी शल्यविशारद हजर होते आणि रुग्णालय तुरुंगापासून काही किलोमीटरवर होते, म्हणून तो कैदी वाचला. शंभर वर्षांनंतर भामरागडच्या एखाद्या मुलाला हे दोन्ही हाताशी आहे का, हे विचारायला हवे. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय तिथून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारदांची तूट ८३ टक्के होती आणि बालरोगतज्ज्ञांची ८१ टक्क्यांहून अधिक. शस्त्रक्रियागृह बांधलेले असते, दिवेही असतात, पण भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. मग ‘जिल्ह्याला न्या’ अशी चिठ्ठी मिळते आणि फुटण्याआधीचे मोलाचे तास जीपमध्ये संपतात.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण योजना बिल भरते, घर चालवत नाही. पोर खाटेवर असताना आई उशाशी बसते आणि बाप औषधे, रक्ताचे रिपोर्ट आणि शिधापत्रिकेची झेरॉक्स यांच्यामागे धावतो. दोघांची मजुरी बुडते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला तर दोघांचे आठ दिवस म्हणजे सुमारे ५ हजार रुपये. जवळ राहिलेल्या नातेवाइकांचे जेवण, एसटीचे भाडे आणि सावकाराचे व्याज यात धरलेले नाही. मुलाची बुडालेली शाळाही धरलेली नाही. दहावीच्या मुलीची परीक्षा या आठ दिवसांत आली तर ते वर्ष कोणत्या रकान्यात लिहायचे?

आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये याचे एक उत्तर शोधले होते. शस्त्रक्रियेनंतर घरी विश्रांती घेणाऱ्या रुग्णाला दिवसाला २२५ रुपये, महिन्याला कमाल ५ हजार रुपये देण्याची योजना तिथे सुरू झाली. महाराष्ट्राने तिचा विस्तार करून आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या एका पालकाला रुग्णालयातल्या दिवसांची मजुरी द्यावी. जन आरोग्य योजनेच्या खर्चात ही रक्कम फार मोठी ठरणार नाही. त्याचबरोबर प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रात्रीही सोनोग्राफी होईल आणि भूलतज्ज्ञ बोलावल्यावर तासाभरात पोहोचेल, एवढी व्यवस्था आरोग्य विभागाने आधी करावी. नव्या इमारतींची भूमिपूजने त्यानंतर करता येतील. खासगी रुग्णालयांवर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचे बंधन २०२१ पासून आहे. ते पाळले जाते की नाही, हे महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी स्वतः जाऊन पाहावे.

आणि पालकांना एक सांगणे. पोट दुखते म्हणून मुलाला एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नका, पोट शेकू नका. दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकले, उलट्या झाल्या, ताप चढला, मूल चालताना वाकू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच रात्री त्याला रुग्णालयात न्या.