कड्यावरचा खिळा आणि मिताक्षरा

एकत्र कुटुंबांत दिवाणखान्याच्या भिंतीला तसबिरीसाठीं खिळा मारावयाचा झाला तरी दोन-चार जणांस विचारावें लागतें. भिंत कोणाची, हा प्रश्न त्या वेळीं उघडपणें कोणी काढीत नाहीं. पण हातोडी उचलणारास तो ठाऊक असतो. मग जी भिंत मनुष्यानें बांधलीच नाहीं, त्या डोंगराच्या कड्यांत खिळा मारावयाचा तर कोणास विचारावें? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु कडे चढणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींत त्यावरून आजवर कडाक्याचीं भांडणें झालीं आहेत. आणि आपल्या घरांतील मुलेंमुलीही आतां रविवारीं दोर खांद्यावर टाकून सह्याद्रीकडे निघूं लागलीं आहेत, तेव्हां तो समजून घेणें बरें.

कडा चढणारा दोर बांधतो तो वर ओढलें जाण्यासाठीं नव्हे, तर पाय सुटल्यास खालीं आपटूं नये म्हणून. हा दोर मधून मधून खडकास कोठें तरी अडकवावा लागतो. खडकास भेग असेल तर तींत धातूची पाचर बसवितात, आणि मागून येणारा सोबती ती काढून घेतो. खडक होता तसा राहतो. भेग नसेल तेथें छिद्र पाडून पोलादी खिळा कायमचा ठोकावा लागतो. त्यास बोल्ट म्हणतात. पाचरीस निसर्गानें दिलेल्या वाटेनेंच जावें लागतें, बोल्टास वाटेची गरज नाहीं. छिद्र पाडण्याचें यंत्र आणि पुरेसा वेळ असला कीं कोणत्याही कड्यावर शिडी उभी राहते. वादाचें मूळ एवढ्यांतच आहे. जर्मनींत एल्ब नदीकांठच्या वालुकाश्मावर तर धातूची पाचरसुद्धां वर्ज्य आहे. तेथें दोराच्या गांठी भेगेंत बसवितात, आणि लोखंडी कडीं मोजकींच, तींही ठरलेल्या नियमानें.

ह्या वादांतील सर्वांत गाजलेलें प्रकरण दक्षिण अमेरिकेंतील सेर्रो तोर्रे ह्या शिखराचें. उंची ३१२८ मीटर, म्हणजे हिमालयाच्या मानानें फारशी नव्हे. पण उभा सुळका, माथ्यावर बर्फाची प्रचंड टोपी, आणि वारा असा कीं दिवसच्या दिवस पायथ्याशीं बसून काढावे लागतात. चेझारे माएस्त्री ह्या इटालियन आरोहकानें १९५९ सालीं आपण तें सर केल्याचें जाहीर केलें. उतरतांना त्याचा सोबती टोनी एगर मरण पावला. कॅमेरा त्याच्याजवळ होता, तोही गेला, असें माएस्त्रीनें सांगितलें. लोकांनीं पुढें शंका काढल्या. तेव्हां १९७० सालीं माएस्त्री पुन्हा गेला तो हवेच्या दाबाचें जड यंत्र बरोबर घेऊन, आणि आग्नेय धारेवर त्यानें ४०० च्या सुमारास बोल्ट मारले. कित्येक तर चांगली भेग जवळ असतांना! बर्फाच्या टोपीवर तो चढलाच नाहीं. ती पर्वताचा भाग नव्हे, असें त्याचें म्हणणें. (शाळेंत एखाद्या विद्यार्थ्यानें शेवटचा प्रश्न सोडून असें उत्तर दिलें असतें तर त्याचे गुण मीं कापले असते.) यंत्र तेथेंच कड्यावर लोंबकळत ठेवून तो खालीं आला.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें प्रकरण परकें वाटणार नाहीं. वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, बापाच्या मृत्यूची तो वाट पाहत नाहीं, हा तिचा गाभा. (२००५ पासून कायद्यानें कन्येसही तो हक्क दिला आहे, हें योग्यच झालें.) म्हणून कर्त्या पुरुषानें स्थावराची विल्हेवाट एकट्यानें लावूं नये, लावावयाची तर आपत्ति, कुटुंबाचें पोषण, किंवा टाळतां न येणारें धर्मकृत्य एवढ्याच कारणासाठीं. अजून जन्मास न आलेल्यांचा विचारही शास्त्रकारांनीं ह्यांत केला आहे. न चढलेला कडा ही अशीच अविभक्त मिळकत आहे. १९७० सालीं जें एकास जमलें नाहीं, तें पुढच्यास जमण्याचा संभव हीच त्या मिळकतीची किंमत. माएस्त्रीनें ती आपल्या नांवावरील डाग धुण्यासाठीं खर्च केली. तें कुटुंबकार्य नव्हे.

येथें कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीं किल्ल्यांच्या कातळांत पायऱ्या खोदल्या, त्यांनीं कोणास विचारलें? त्या पायऱ्यांवरून धान्य, दारूगोळा आणि माणसें वर गेलीं. तें कुटुंबपोषणच होतें. १८१८ नंतर इंग्रजांनीं कित्येक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडविल्या, ही विल्हेवाट निराळी. आणि बोल्टामुळें जीव वांचतो, हें मी नाकारीत नाहीं. आपला नातू दोरावर असतां कोणता आजोबा तत्त्वज्ञान सांगत बसेल? कडा उतरतांना दोर बांधण्यासाठीं एखादा भक्कम बोल्ट असावा, तो आपत्तीच्या सदरांत बसतो. मात्र बोल्ट आहे म्हणून निर्भय होणें हा वेडेपणा होय. आपल्याकडील पावसाळे सोसलेला जुना खिळा वरून शाबूत दिसतो आणि आंत गंजून गेलेला असतो. कोणीं व केव्हां मारला हें ठाऊक नसेल तर त्यावर भार टाकूं नये, एवढें तरी घरच्या मुलांस बजावून ठेवावें.

आतां प्रकरणाचा दुसरा भाग. २०१२ च्या जानेवारींत हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोन तरुण माएस्त्रीच्या खिळ्यांच्या ओळी टाळून त्याच धारेनें माथ्यावर पोहोंचले, आणि उतरतांना त्यांनीं सुमारे १२० बोल्ट उपटून काढले. पायथ्याच्या एल चालतेन गांवांत गहजब उडाला. पोलिसांनीं त्यांस कांहीं काळ अडकवून ठेवलें आणि खिळे जप्त केले. गांवकऱ्यांचें म्हणणें, हा आमचा इतिहास आहे. गंमत अशी कीं हें गांव १९८५ सालीं वसलें. खिळे त्याहून पंधरा वर्षांनीं वडील! शिवाय २००७ सालीं तेथेंच आरोहकांची सभा होऊन बहुमत खिळे राहूं द्यावे असें पडलें होतें. पण मिताक्षरेप्रमाणें बहुमतानें दुसऱ्याचा अंश विकतां येत नाहीं, आणि ज्यांचा अंश जात होता ते तर त्या सभेंत नव्हतेच.

त्यांच्यापैकीं एक चारच-पांच दिवसांत वर आला. डाव्हिड लामा, ऑस्ट्रियाचा, वय २१. दोन वर्षांपूर्वीं त्याच्याबरोबर चित्रपट घेण्यास आलेल्या मंडळींनीं ह्याच पर्वतावर आणखी बोल्ट मारून त्याच्या नांवावर बोल लावून घेतला होता. ह्या खेपेस खिळे नाहींसे झालेल्या त्या भिंतीवरून तो केवळ हातापायांच्या बळावर चढला. दोर होता तो पडल्यास धरण्यापुरता. माएस्त्रीनें जेथें यंत्र लाविलें, तेथें खडकांत बोटापुरता आधार होता तर!

तरीही उपटणारांच्या हातांकडे पाहून माझें समाधान होत नाहीं. खिळा काढला तरी छिद्र राहतें. बापानें गैर विकलेलें शेत मुलानें फिर्याद करून सोडवावें, रात्रींत कुंपण मोडून नव्हे. पण डोंगराची फिर्याद ऐकणारें न्यायासन कोठें आहे, हेंही खरें. ह्या पेंचांत सांपडलेला आणखी एक माणूस आठवतो. कॅलिफोर्नियांत योसेमिटीच्या दरींतील एल कॅपिटन ह्या कड्यावर वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल १९७० सालीं २७ दिवस लटकत राहून एका नव्या मार्गानें चढले. छिद्रें ३०० च्या आसपास पाडलीं. रॉयल रॉबिन्स हा त्या काळचा मोठा तत्त्वनिष्ठ आरोहक. त्याला तें सहन झालें नाहीं. पुढच्याच वर्षीं डॉन लॉरियास बरोबर घेऊन, तो मार्गच पुसून टाकण्याच्या निश्चयानें, खिळे तोडीत तो वर निघाला. पहिल्या कांहीं टप्प्यांतले तोडलेही. पण जसजसा वर गेला तसतसें त्याला दिसूं लागलें कीं, दोन खिळ्यांमधील चढाई अस्सल आहे, ती करणाराचें कौशल्य आणि छाती दोन्ही मोठीं आहेत. त्यानें तोडणें थांबविलें, आणि उरलेला कडा हार्डिंगच्याच खिळ्यांवरून तो चढून गेला.