इटालियन शिकून काय करणार?



गेल्या रविवारी आम्ही अंबरनाथला एका घरी गेलो होतो. वडील कारखान्यात फिटर, दोन वर्षांत निवृत्त होणार. आई उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्यांकडे धागे कापायला जाते. मुलीने दिल्लीत इटालियन भाषेची पदवी घेतली आणि शिष्यवृत्तीवर एक वर्ष इटलीत शिकून ती नुकतीच परतली. आता तिला एम. ए. करायचे आहे. वडील म्हणाले, "भाऊ, वर्षभर तिकडे राहिली, बोलायला शिकली. आता आणखी दोन वर्षे कशाला? बदलापूरची माणसं हसतात, इटालियन शिकून काय करणार म्हणून."

प्रश्न रास्त आहे. कामगाराच्या घरी प्रत्येक वर्षाचा हिशेब करावाच लागतो. म्हणून आम्ही आधी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "काका, तिकडच्या बाजारात माझं अडत नाही. पण कराराचा कागद किंवा जुनं पुस्तक हाती आलं की वाक्य कुठे सुरू झालं नि कुठे संपलं तेच कळत नाही."

आम्हाला हे पटले. घरची मराठी आपल्या सर्वांना येते, तरी कोर्टाची नोटीस वाचताना घाम फुटतोच ना? युरोपात भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात. परदेशातील एक वर्ष साधारण मधल्या पायऱ्यांपर्यंत नेते. भाषांतर, अध्यापन, संशोधन ही कामे वरच्या दोन पायऱ्यांवरची. तिथे पोचायचे तर व्याकरण, वाङ्मय व इतिहास शिस्तीने शिकावा लागतो. आणि परत आल्यावर सराव सुटला तर मिळवलेलेही विसरते.

मग आम्ही त्या घरी एक गोष्ट सांगितली. बाबासाहेबांचा जन्म १८९१चा. त्याच वर्षी इटलीच्या सार्डिनिया बेटावर अंतोनियो ग्राम्शी जन्मला. घर गरीब, पाठीत कुबड. गरीब मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीवर तो १९११ साली तुरीन विद्यापीठात गेला आणि भाषाशास्त्र शिकू लागला. १९२६ साली मुसोलिनीच्या राजवटीने त्याला अटक केली. तुरुंगात त्याने वह्याच्या वह्या लिहिल्या. त्यांतील एक वही, इतिहासात ज्यांची नोंदच होत नाही अशा दबलेल्या लोकांविषयी आहे. १९३७ साली तो वारला. ग्राम्शी आणि आंबेडकर यांच्या विचारांची तुलना करणारा ग्रंथ २०१३ साली इंग्रजीत निघाला. पण त्या वह्या मुळातून वाचून आपल्या मराठीत आणायला आपलीच मुले का नसावीत? आणि आपले साहित्य तिकडच्या वाचकांपर्यंत कोण नेणार?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः मिळवले, जर्मन शिकले, पालीचा शब्दकोश तयार केला. जी भाषा नाकारली गेली तीही त्यांनी हस्तगत केली.

परंतु ग्राम्शीच्या गोष्टीची दुसरी बाजूही आम्ही लपवली नाही. शिष्यवृत्ती पुरत नव्हती. थंडी, उपासमार आणि आजारपण यांत त्याची पदवी अपुरीच राहिली. म्हणून पैशाची तजवीज आधी करावी.

दिल्ली विद्यापीठात इटालियनचे एम. ए. आहे. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्याकडून मिळते. पुढे परदेशी जायचे तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इटलीतही प्रांतिक शिष्यवृत्त्या कुटुंबाच्या उत्पन्नावर दिल्या जातात. त्यांत फी माफ होते आणि राहण्या-जेवण्याला हातभार लागतो. मात्र उत्पन्नाचे व मालमत्तेचे दाखले भाषांतर करून, प्रमाणित करून वेळेत द्यावे लागतात. एका कागदामुळे वर्ष जाऊ शकते. जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला प्रत्येक घरात एकाच पिशवीत तयार असावा.

पोटापाण्याचे काय? आपल्या बारामतीतच पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. भाषांतर, पर्यटन, शिकवणी ही कामे आहेत. पण नुसत्या बोलण्यावर ती टिकत नाहीत. सिएना व पेरूजा येथील विद्यापीठे भाषेच्या परीक्षा घेतात. वरच्या पायरीचे त्यांचे प्रमाणपत्र हाती असले तर सांगायला आधार होतो.

शेवटी घरात असे ठरले. मुलीने एम. ए.ला जावे. पहिल्या वर्षातच पाचव्या पायरीची परीक्षा द्यावी. सुट्टीत घरी आल्यावर वस्तीतल्या मुलांना शिकवून आपला वरखर्च काढावा. वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "बाई, एक काम कर. त्या ग्राम्शीचं एक पान मला मराठीत लिहून दे. बघू तरी काय म्हणतो."

ती वही उघडून बसली तेव्हा आम्ही चहा संपवून निघालो.